सातला लाल, आठला निळा

मी आयुष्यात एकदाही गोल्फ खेळले नाही. गोल्फची काठी हातात धरली ती एकदाच, ऑफिसच्या माळ्यावरची फाइल खाली ओढायला. तरीही सात वर्षं शे-सव्वाशे सभासदांचं खेळणं नेमकं किती वाईट धरायचं, हे माझ्या टेबलावर ठरत होतं.

दोन हजार सालच्या आसपास मला ती नोकरी लागली. ठाण्याच्या पलीकडे डोंगराच्या कडेला एक जुना, नऊ होलचा क्लब होता; तेच नऊ दोनदा खेळून अठरा पुरे करायचे. भिवंडीहून दोन गाड्या बदलून जावं लागायचं. जाहिरातीत ‘अक्षर चांगले हवे’ असं लिहिलं होतं, आणि माझ्याकडे बाकी काही नसलं तरी अक्षर चांगलं होतं. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं, आणि धामणकर नाक्यामागच्या गल्लीत आई आणि मी अशा दोघीच दीड खोलीत राहत होतो.

हँडिकॅप म्हणजे काय, ते सचिवसाहेबांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. ते फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांचं समजावणंही हुकूम दिल्यासारखंच असायचं. कच्च्या खेळाडूला पक्क्या खेळाडूबरोबर खेळता यावं म्हणून त्याला काही फटके माफ असतात. कुणाला दहा, कुणाला अठरा, कुणाला पंचवीस. हा माफीचा आकडा त्याच्या आधीच्या कार्डांवरून काढायचा. पण कार्ड जसंच्या तसं धरायचं नाही. एखाद्या होलला माणसाचं डोकं फिरतं, चेंडू ओढ्यात जातो, मग झाडीत, मग पुन्हा ओढ्यात, आणि जिथे पाचात आटपायचं तिथे बारा होतात. स्पर्धेत ते बारा बाराच राहतात. हँडिकॅप काढताना मात्र ज्याचा आकडा दहा ते एकोणीस आहे त्याचे एका होलला जास्तीत जास्त सात धरायचे, आणि ज्याचा वीस ते एकोणतीस आहे त्याचे आठ. वरचे छाटून टाकायचे. नाहीतर माणसं मुद्दाम एका होलला वीस फटके मारून माफी वाढवून घेतील, असं सचिवसाहेब म्हणाले. सभासदांवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता.

मला मात्र तो नियम मनापासून आवडला. चौदा वर्षांपूर्वी मला पाहायला आलेल्या मुलाच्या आईला मी एक उलट उत्तर दिलं होतं. त्या एका दुपारचे बारा फटके गल्लीत अजून माझ्या नावावर होते, आणि कुणी त्यांचे सात करायला तयार नव्हतं. ऑफिसात बसून लोकांच्या वाईट होलांवर काट मारताना मला बरं वाटायचं.

रविवारी दुपारी कार्डांचा गठ्ठा यायचा. प्रत्येक कार्डाला तक्ता काढून कुणाचे सात आणि कुणाचे आठ ते बघत बसायला वेळ लागायचा. म्हणून मी एक युक्ती केली. माझे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. कारखान्यात कुठल्या बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळावर, कुठला माल चढवलाय ते लांबून कळावं म्हणून बीमला रंगीत सुताची गाठ बांधायचे, हे मी लहानपणी पाहिलं होतं. आई घरी मागाच्या कांड्या भरून द्यायची, त्यातून उरलेलं सूत डबाभर होतं. मी प्रत्येक सभासदाच्या फाइलला एकेक गाठ बांधली. सातला लाल, आठला निळा. फाइल हातात घेतली की तक्ता न बघता कळायचं. सचिवसाहेबांनी ते पाहून “व्हेरी गुड” म्हटलं होतं. सात वर्षांत त्यांनी मला तसं दोनदाच म्हटलं.

त्या क्लबात भिवंडीचे आम्ही दोघेच. दुसरे म्हणजे काका; क्लबात सगळे त्यांना तसंच म्हणायचे. ते भिवंडीजवळच्या वळ गावचे. त्यांची भाताची शेतं गोदामांखाली गेली होती, आणि एका गोदामात आलेल्या कंपनीच्या मॅनेजरने त्यांना एकदा हौसेने क्लबात आणलं होतं. मॅनेजरची बदली झाली, काका राहिले. साठीच्या पुढचे, बुटके, मनगटं जाड. पायजम्याच्या जागी पँट चढवली होती, पण टोपी त्यांची स्वतःचीच होती. पहिल्यांदा कार्ड द्यायला आले तेव्हा त्यांनी माझ्या बोलण्यावरून ओळखलं.

“कुठली गो बाय तू?”

“भिवंडीची. धामणकर नाका.”

“मंग आवरी लांब कशाला येतेस?”

“तुम्ही येता तेवढंच लांब आहे काका.”

ते इतके मोठ्याने हसले की बाहेर चहा पीत बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. त्या दिवसापासून रविवारी संध्याकाळी मी त्यांच्या जीपमधून घरी जायला लागले. त्यांचं घर आधी यायचं, पण नाक्यावर काहीतरी घ्यायचंय असं सांगून ते मला नाक्यापर्यंत आणून सोडायचे. काय घ्यायचंय ते शेवटपर्यंत कधी ठरलं नाही. वाटेभर ते कुठल्या होलला काय झालं ते सांगायचे. मी ते आकड्यांत आधीच वाचलेलं असायचं, तरी ऐकायचे. आठवड्यातलं माझं खरं बोलणं तेवढंच होतं. बाकी सहा दिवस आईशी औषधांबद्दल आणि लोकांशी बसच्या वेळांबद्दल बोलायचे, एवढंच.

काका रविवारी तिघांबरोबर खेळायचे. एक ठाण्याचा डॉक्टर, एक बँकेतला मोठा साहेब आणि एक बांधकामवाला. दोन-दोनच्या जोड्या करायच्या, माफीचे फटके वजा करायचे, आणि हरलेल्या जोडीने सगळ्यांना भजी खिलवायची. काकांच्या बोलण्याला ते तिघे हसायचे, काकाही त्यांना हसू द्यायचे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलं गोदामांच्या कामात, त्यांना बापाशी बोलायला सवड नव्हती. “ही तीन मानसं हायेत म्हनून आयतवार हाय,” असं त्यांनी मला एकदा गाडी चालवताना सांगितलं होतं.

मग माझी आई गेली. चार दिवस सरकारी दवाखान्यात आणि पाचव्या दिवशी पहाटे. मी दिवस होईपर्यंत रजेवर होते. त्याच काळात तिमाही हँडिकॅप बदलले आणि फळ्यावर नवे आकडे सचिवसाहेबांनी स्वतः लिहिले. काकांचा आकडा एकोणीसवरून एकवीसवर गेला होता. मी परत आले तेव्हा फळ्यावरचे आकडे रजिस्टरमध्ये उतरवून घेतले. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं. फक्त काकांच्या फाइलची लाल गाठ सोडून निळी बांधायची राहून गेली.

तेव्हा मी घरी जाऊन नुसती भिंतीला टेकून बसायचे. शेजारच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट आई होती तेव्हा मला ऐकूच यायचा नाही. आता तेवढाच ऐकू यायचा. ही सबब नाही. ज्याची निळी हवी त्याची लाल राहिली, आणि ती माझ्या हातून राहिली.

पुढचे काही महिने मी काकांच्या प्रत्येक कार्डावर आठाचे सात करत गेले. नवाचेही सातच. खरं तर आठ धरायला हवे होते. प्रत्येक कार्डात दोन-तीन फटके कमी दिसायला लागले, म्हणजे काका होते त्यापेक्षा चांगले खेळतात असं कागद म्हणायला लागला. माफीचा आकडा खाली आला. वीस झाला, मग एकोणीस. आणि एकदा एकोणीस झाल्यावर सात धरणंच नियमाला धरून होतं. लाल गाठ आपोआप बरोबर ठरली. माझ्या चुकीने स्वतःला असं पाठीशी घातलं, आणि मला काही दिसलं नाही.

दिसलं ते दुसरंच. काका हरायला लागले. त्यांच्या जोडीत जो असेल तो हरायचा. आधी चौघे चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडायचे, मग पाडेनासे झाले. बांधकामवाल्याने एकदा माझ्या टेबलासमोर उभं राहून डॉक्टरला म्हटलं, “काका के साथ मतलब भजी पक्की.” पुढे ते एका नव्या सभासदाला घेऊन सकाळी लवकर खेळायला लागले आणि काकांना वेळ सांगायचं विसरायला लागले. एक रविवार काकांनी चहाच्या टेबलाशी बसून काढला. नंतर काही मंगळवार ते एकटेच खेळले. एकट्याच्या कार्डावर सही करायला कुणी नसतं, आणि सहीशिवाय आमच्या क्लबात कार्ड धरत नसत. तरी ते नेमाने कार्ड आणून माझ्या टेबलावर ठेवायचे.

“असू दे तुझ्याकडं,” ते म्हणायचे.

“हे धरता येत नाही काका.”

“मना ठाव हाय.”

ती कार्डं मी वेगळ्या खणात ठेवली. जीपमधलं बोलणंही आटलं. एका रविवारी कशेळीच्या पुलावर गाडी रखडली असताना ते म्हणाले, “म्हातारा झालो गो. हात न्हाय वलत आता.” मी म्हटलं, “काहीतरीच काय!” पण रजिस्टर माझ्याकडे होतं. एकोणीस हँडिकॅपच्या माणसाने जे खेळायला हवं ते त्यांच्याकडून होत नव्हतं, हे मला दिसत होतं. मलाही वाटलं, वय झालं. त्यानंतर महिन्याभरात त्यांनी येणं बंद केलं. मी पुन्हा दोन गाड्या बदलून घरी जायला लागले.

दीडेक वर्षाने क्लबात कॉम्प्युटर आला. सचिवसाहेबांनी हुकूम सोडला की मागच्या सगळ्या कार्डांचे मूळ आकडे भरा, छाटायचं काम आता मशीन करेल. मी भरत गेले. सगळ्यांचे हँडिकॅप माझ्या रजिस्टरशी जुळले, एखादा दशांश इकडेतिकडे. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होते. मग काकांची फाइल आली. मशीनने बावीस सांगितलं. माझ्या रजिस्टरात एकोणीस होतं.

आधी मी मशीनलाच शिव्या घातल्या. दोनदा पुन्हा भरलं, दोन्ही वेळा बावीस. मग एकेक कार्ड काढून पाहिलं, आणि आईच्या दिवसांनंतरच्या पहिल्याच कार्डावर मला माझा हात दिसला. आठावर नीट काट, शेजारी सुबक सात. तीन फटके. काका म्हातारे झाले नव्हते. माझ्यामुळे ते दर रविवारी तीन फटके मागून सुरुवात करत होते. मी संडासात जाऊन रडले, कारण ऑफिसात रडायला दुसरी जागा नव्हती.

सचिवसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. “वो तो अब आते नहीं,” ते म्हणाले. “रेकॉर्ड ठीक कर दो. बात खत्म.”

पण मला काकांना सांगायचं होतं. त्यांना न्याय मिळावा म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला ते परत यायला हवे होते. कुणीतरी मला ‘गो बाय’ म्हणायला हवं होतं.

गुरुवारी सुट्टी घेतली. नाक्यावरून शेअर रिक्षा करून अंजूरफाट्याला उतरले, तिथून दुसरी मिळायला अर्धा तास गेला. वळमध्ये सगळीकडे गोदामं आणि मधे मधे घरं. तोंड आत घालून उभे असलेले कंटेनर चुकवत, विचारत विचारत मी पोचले. घर तीन मजली, रंग नवा. काका ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत एकटे बसले होते. समोर रस्त्यापलीकडे निळ्या पत्र्याचं भलंमोठं गोदाम होतं, आणि ते त्याच्याकडे बघत होते. मला पाहून उठायला गेले, मी नको म्हणेपर्यंत उठलेही.

“आगं बाय! आवरी लांब कशाला आलीस?”

सुनेने चहा आणि तांदळाच्या पिठाची गोड बोरं आणून दिली. काकांनी सगळ्यांची चौकशी केली. सचिवांची, माळ्याची, चौथ्या होलजवळच्या ओढ्याला पाणी आहे का त्याची. मग त्या तिघांची.

“बरे हायेत ना? मना फोन न्हाय करत बिचारे.” त्यांनी बशीत चहा ओतला. “त्यांचा तरी काय चुकला? म्हाताऱ्याला कसा विचारायचा, खेलतोस का म्हनून? मना वाईट वाटंल म्हनून न्हाय करत. मी असतो त्यांच्या जागी तर मी पन न्हाय केला असता. चांगली मानसं हायेत.”

तिथेच मी थांबायला हवं होतं. चहा संपवून, सुनेला बरं आहे म्हणून निघायला हवं होतं. पण सगळं बोलणं मी रिक्षात पाठ केलं होतं, आणि पाठ केलेलं मला अडवता येत नाही. मी सांगून टाकलं. आईचे दिवस, फळा, गाठ, सात आणि आठ. तुमचा आकडा बावीस असायला हवा होता काका. तुम्ही हरत नव्हता. तुमच्यावर तीन फटके जास्त होते, ते माझ्यामुळे. तुमचं वय झालेलं नाही.

ते मला ओरडतील, किंवा हसतील, किंवा “मंग आयतवारी येतो” म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी बशी खाली ठेवली.

“तीन?”

“तीन.”

“आठरा होलला मिलून तीन?”

“हो काका.”

ते गोदामाकडे वळले. आतून एक कंटेनर मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती. ती थांबली.

“म्हंजे मी व्हतो तसाच व्हतो,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग ती मानसं तीन फटक्यांपायी गेली.”

हे मी घरी बसून, रिक्षात बसून, कुठेही एकदाही विचारात घेतलं नव्हतं. माझी चूक सांगायला मी इतकी अधीर झाले होते की ती ऐकून त्यांच्या हाती काय उरणार, ते मी पाहिलंच नाही. वय झालं म्हणून सुटलं, यात कुणाचा दोष नव्हता. ती एवढी एक गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती, आणि मी दोन रिक्षा बदलून ती काढून घ्यायला आले होते.

“माफ करा काका,” मी म्हटलं. “उद्याच त्या तिघांना सांगते. सगळं समजावून सांगते. आकडा दुरुस्त झालाय, फळ्यावर—”

“न्हाय.” त्यांनी हात वर केला. “त्यांना न्हाय सांगायचा.”

“पण चूक माझी होती. त्यांना कळलं तर ते परत बोलावतील तुम्हाला.”

“तेच तर गो,” काका म्हणाले. “बावीस झाला आयकून यतील. आनि मना त्यांना या, बसा म्हनावा लागंल.”

मग सुनेला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी बोरं बांधून द्यायला सांगितलं. मला रिक्षापर्यंत सोडायला आले, रिक्षावाल्याला नीट ने म्हणून बजावलं. माझ्यावर ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी पुन्हा जाऊ शकले असते. नंतर मी वळ गावी कधी गेले नाही, आणि ते क्लबात आले नाहीत.

महिन्याभराने डॉक्टर कार्ड द्यायला माझ्या टेबलाशी आला. कार्ड ठेवलं, जायला वळला, आणि मग थांबला.

“वो काका आजकल दिखते नहीं,” तो म्हणाला. “सब ठीक है ना? हमने कुछ... मतलब, नाराज़ तो नहीं हैं?”

तीन फटके माझ्या जिभेवर होते. मशीनचा कागदही खणात होता. मी डॉक्टरकडे पाहिलं.

“नहीं नहीं,” मी म्हटलं. “उमर हो गई उनकी. अब खेलना नहीं होता.”

“हां,” तो म्हणाला, “हमें भी यही लगा था.” आणि त्याला हायसं वाटलेलं मला अगदी स्पष्ट दिसलं.